व्हान आस्पेरेनांची साखळी

मित्रांनो, मी जमीन मोजायची एक जुनी साखळी आहे. माझ्या अंगात शंभर कड्या आहेत, दोन टोकांना दोन पितळी मुठी आहेत आणि पोटात एक जुना राग आहे. अंगावरचा गंज तुम्ही फडक्याने पुसू शकाल. राग मात्र कुणाला पुसता आला नाही. तो कसा आला आणि त्याचं उट्टं कसं निघालं, ते मी आज तुम्हाला सांगणार आहे.

सन सतराशे चौतीसच्या वसंतात माझा जन्म झाला. मोठ्या नदीच्या पूर्वेला लांडगेओढा नावाचा ओढा आहे. त्याच्या काठाने व्हान आस्पेरेन घराण्याची जमीन होती. हे लोक मूळचे हॉलंडचे. आजोबा गलबतातून या नव्या खंडात उतरले तेव्हा त्यांच्याजवळ एक गाय आणि एक बायबल होतं. नातू होयबर्ट मालक झाला तेव्हा त्याच्याजवळ चाळीस कुळं, नऊ गुलाम आणि घोड्यावरून दिवसभर फिरलं तरी न संपणारं रान होतं. त्या नऊ गुलामांत मिंक नावाचा एक लोहार होता. त्यानेच मला घडवलं.

तीन आठवडे तो माझ्यावर खपला. एकेक कडी तापवायची, ओढायची, कानशीने घासायची, मग तीन वळी घालून पुढच्या कडीत अडकवायची. त्याची बायको सान्ना मोठ्या घरात स्वयंपाकीण होती. दुपारी ती ॲप्रनखाली लपवून गरम गोड गोळे आणायची, चरबीत तळलेले, आत मनुका घातलेले.

"कुठवर आलं तुझं बाळ?" ती माझ्याकडे बघून विचारायची.

"साठ कड्या झाल्या."

"माझ्याशी कधी इतकं हळू बोललास का रे, जितकं या लोखंडाशी बोलतोस?"

"लोखंड उलटून बोलत नाही," मिंक म्हणायचा, आणि सान्ना त्याच्या पाठीत एक धपाटा घालायची.

माझी शंभरावी कडी बसली तेव्हा मिंकने मला जमिनीवर ताणून मोजलं. बरोबर चव्वेचाळीस हात. केसभर जास्त नाही, केसभर कमी नाही. होयबर्ट मालक स्वतः बघायला आला. त्याने मला उचललं, झुलवलं आणि म्हणाला, "वा रे मिंक! असा हात नदीच्या दोन्ही काठांवर नाही." मित्रांनो, मी तेव्हा किती फुगले असेन! मोजमापाच्या वस्तूला खरं असण्याहून मोठं सुख नसतं. ते सुख मला आठ दिवस लाभलं.

नवव्या दिवशी मालक लोहारखान्यात आला. आमच्याकडे दारं आडवी दुभागलेली असतात. त्याने खालचं अर्धं दार लावून घेतलं आणि ऐरणीवर बसला.

"मिंक, आमच्या कागदात काय लिहिलंय ठाऊक आहे? नदीपासून ओढ्याच्या काठाने आत चारशे साखळ्या. चारशे मोजल्या की आमची हद्द संपते. आणि धबधबा राहतो पलीकडे. पिठाची गिरणी घालायला अख्ख्या ओढ्यावर तीच एक जागा."

"दैव, मालक."

"दैव कशाला? साखळीला थोडी ढील दे. दीड हात पुरे. कड्या शंभरच राहू देत. मधली वळी तेवढी लांबट कर. मोजणारे कड्या मोजतात, वळ्यांकडे कोण बघतो?"

मालकाने आवाज खाली आणला. "तुझं तोंड बंद राहील तोवर सान्ना या घरातून हलणार नाही. बायबलवर हात ठेवून शब्द देतो."

आदल्याच वर्षी शेजारच्या मळ्यातली तीन माणसं दक्षिणेच्या बेटांवर विकली गेली होती. उसाच्या त्या बेटांवरून कुणी परत आल्याचं आमच्याकडे कुणी ऐकलं नव्हतं. त्यामुळे हा शब्द मिंकला राज्य मिळाल्यासारखा वाटला. मालकाने खरोखरच घरातून बायबल मागवलं आणि त्यावर हात ठेवला. मग मिंकने भट्टी पेटवली. एकेक वळं ठोकून लांबट केलं. मला फार ठणकलं. ठणक्याहून लाज जास्त वाटली. बापाने लेकराला चालायला शिकवावं, तसं माझ्या बापाने मला खोटं बोलायला शिकवलं.

पुढच्या आठवड्यात मोजणी झाली. पुढची मूठ मालकाच्या मुलाने, डिर्कने, धरली होती. मागची मूठ एका कुळाने धरली. मिंक खुंट्या आणि घण घेऊन सोबत होता. प्रत्येक साखळीमागे दीड हात चोरत चोरत आम्ही धबधब्यापर्यंत गेलो. तिथे इथल्या मूळच्या मोहिकन लोकांची सफरचंदांची बाग आणि मक्याचं शेत होतं. शेतात काटरीन नावाची म्हातारी खुरपत होती. हे नाव तिला पाद्र्याने दिलेलं. तिचं आपलं नाव ती आमच्यापैकी कुणाला सांगत नसे.

ती कमरेवर हात ठेवून उठली. "होयबर्ट, वाट चुकलास का? माझ्या मामाने तुझ्या बापाला रान दिलं, तेव्हा दोघं बरोबर चालत आले होते. त्या फाटक्या ओकच्या झाडापाशी थांबले. खाली बसून दोघांनी चिलीम ओढली. ओक कुठे राहिला, आणि तू कुठे आलास!"

"मी कुठे आलो, म्हातारे? साखळी आली. कागदात चारशे लिहिल्यात, त्या मोजल्या. लोखंड कधी खोटं बोलतं का?"

काटरीनने वाकून मला हातात घेतलं. तिची बोटं माझ्या वळ्यांवरून फिरली. मग तिने मिंककडे पाहिलं. "हा लोखंडी साप पोट भरून आलाय. याला कुणी भरवलं?"

मिंक आपल्या पायांकडे बघत उभा राहिला. मित्रांनो, त्या क्षणी माझ्या एखाद्या कडीला वाचा फुटली असती तर! पण वस्तूंना वाचा फुटते ती ऐकणारे सगळे मेल्यावर.

त्यानंतरची सहा वर्षं घराण्याच्या भरभराटीची गेली. धबधब्यावर गिरणी उभी राहिली. नदीकाठचं जुनं घर सोडून मालकाने ओक आणि धबधबा यांच्या मधल्या टेकाडावर विटांचं नवं घर बांधलं. लोहारखानाही त्याच्या शेजारी आला. मला दिवाणखान्यात खुंटीवर टांगलं. पाहुणे आले की मालक मला दाखवायचा. "आमचं घराणं या साखळीसारखं सरळ आहे," असं म्हणायचा. पाहुणे मान डोलवायचे आणि चीज खायचे. आपल्या बागेची वाट बंद झालेली काटरीन कधी कधी कुंपणापाशी येऊन उभी राहायची. मिंक तिला बघून आत वळायचा.

सातव्या वर्षी, गुलामांनाही सुट्टी मिळते तो पिंक्स्टरचा सण आटोपल्यावर, मालकाने मिंकला तीन दिवस वरच्या मळ्यावर नांगर दुरुस्त करायला पाठवलं. सणात मिंक आणि सान्ना ढोलावर एवढे नाचले होते की सान्नाची टाच सुजली होती. निघताना ती दाराच्या खालच्या अर्ध्या फळीवर कोपर टेकून उभी होती. "लवकर ये. टाचेला लावायला मेण आण," एवढंच म्हणाली.

तिसऱ्या दिवशी मिंक मेण घेऊन परत आला. स्वयंपाकघरात दुसरीच मुलगी भांडी घाशीत होती. दिवाणखान्यात, मला टांगलं होतं त्याच्या समोरच, पुरुषभर उंचीचं एक नवं घड्याळ उभं होतं. त्याच्या तबकडीवर एक गलबत रंगवलेलं होतं आणि ते प्रत्येक ठोक्याला डुलायचं.

"ये, मिंक, बघ!" मालक खुशीत होता. "ॲमस्टरडॅमचं आहे. गलबत कसं हलतं बघ."

"सान्ना कुठाय, मालक?"

"कप्तान काल निघून गेला. बेटांवर चांगल्या स्वयंपाकिणीला मोठा मान असतो म्हणे."

मिंकला कळायला जरा वेळ लागला. मी वरून बघत होते. त्याने घड्याळाकडे पाहिलं, मग दाराकडे, मग पुन्हा घड्याळाकडे.

"मालक, तुम्ही बायबलवर हात ठेवला होता."

"ठेवला होता ना! सहा वर्षं पाळला की शब्द. सहा वर्षं काय थोडी झाली? आता तोंड उघडायचं असेल तर उघड. कुणापुढे उघडशील? गुलामाची साक्ष गोऱ्या माणसाविरुद्ध कचेरीत चालते का?"

"नाही चालत."

"मग झालं तर. आणि हो, हे घड्याळ थोडं मागे पडतंय. उद्या त्याचं काय ते बघ."

दुसऱ्या दिवशी मिंकने ते घड्याळ उघडलं आणि नीट केलं. बायकोच्या बदल्यात आलेल्या घड्याळाला त्याने स्वतःच्या हाताने तेल घातलं. मग मला घासायच्या निमित्ताने खुंटीवरून काढून तो लोहारखान्यात घेऊन गेला. मांडीवर घेऊन त्याने माझ्या कड्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजल्या. शंभर झाल्यावर म्हणाला, "ज्या दारातून तिला नेलं, त्याच दारातून हा बाहेर पडलेला मला बघायचाय. मरून नाही. स्वतःच्या पायांनी चालत, चारचौघांदेखत."

त्या दिवसापासून आम्ही दोघं वाट बघायला लागलो. माणसाला वाट बघताना भूक लागते, झोप येते. मला दोन्ही नव्हतं, त्यामुळे माझा राग त्याच्याहून सुखात वाढला.

एका वर्षाने संधी आली. ती घेऊन आली गेर्तरुइड मोलेनार नावाची विधवा. व्हान आस्पेरेनांची हद्द जिथे संपते तिथे माझी सुरू होते, असा तिच्याकडे सरकारी कागद होता. नवरा होता तोवर त्याने डोळेझाक केली. तो गेल्यावर बाईने स्वतः घोड्यावर बसून रान पालथं घातलं आणि कचेरीत दावा ठोकला. कचेरीने निकाल दिला : योस्ट नावाच्या सरकारी मोजणीदाराने हद्द पुन्हा मोजावी.

"माझ्याच साखळीने मोजा," मालक छाती काढून म्हणाला.

"चालेल की!" बाई म्हणाली. "आधी ती कचेरीच्या पायरीवर तपासा. खोटी निघाली तर दावा मी तिथेच जिंकला."

कचेरीच्या लांबलचक दगडी पायरीत तांब्याचे दोन खिळे ठोकलेले होते. त्यांच्यामधलं अंतर बरोबर चव्वेचाळीस हात होतं. मालकाने आदल्या आठवड्यातच मिंककडून माझी लांबट वळी काढवून मूळच्या मापाची वळी बसवून घेतली होती. मला खिळ्यांवर ताणलं, तर तंतोतंत. बाईचं तोंड पडलं. योस्टने माझ्या दोन्ही मुठींवर शिक्का मारला आणि सगळ्यांना वाचून दाखवलं, "यापुढे जो कोणी या साखळीत फेरफार करील, त्याचा साऱ्या जमिनीवरचा हक्क जाईल."

योस्टला खाण्याची फार आवड होती. शनिवारी तो मालकाकडेच उतरला. हॅम आणि सफरचंदाची दारू पुढे आल्यावर त्याने मला मालकाच्या स्वाधीन केलं. "शिक्का मारलाय, आता कुठेही ठेवा," म्हणाला आणि पुन्हा ताटाकडे वळला.

मालक मिंकला कोपऱ्यात घेऊन गेला. "उद्या तू चर्चला येऊ नकोस. तुझा पाय मुरगळलाय."

"कुठला, मालक?"

"कुठलाही रे! डावा. जुनी लांबट वळी आहेत ना ठेवलेली? आम्ही परत येईपर्यंत साखळी दीड हात वाढलेली हवी."

"समजलं."

आमच्या पाद्र्याचं प्रवचन तीन तास चालायचं. रविवारी सगळं घर गाड्यांत बसून गेल्यावर मिंकने लोहारखान्याची दोन्ही अर्धी दारं सताड उघडली. उजेड भरपूर होता. लांबट वळ्यांच्या डब्याला त्याने हातही लावला नाही. कोळशाच्या ढिगाखालून त्याने एक मडकं काढलं. त्यात बारीक, गोल, चिमुकली वळी होती. सगळा हिवाळा त्याने ती थोडी थोडी घडवली होती.

"दोन हात कमी," तो मला म्हणाला. "खऱ्या हद्दीपासून फाटक्या ओकपर्यंत पावलांनी मोजलंय मी. आठशे हात भरतात. चारशे साखळ्यांत आठशे हात. काटरीनआजीचा मामा जिथे बसला होता, तिथे नेतो तुला."

पहिलं खोटं शिकताना मला ठणका लागला होता. या वेळी एकेक वळं बसत होतं आणि मला गुदगुल्या होत होत्या. चर्चची घंटा ऐकू आली तेव्हा मी आखूड होऊन मालकाच्या खोलीत पडून होते.

सोमवारी सकाळी नदीकाठी सगळे जमले. मागची मूठ धरायला विधवेने आपला पुतण्या आणला होता. तिचा संशय गेलेला नव्हता.

"काल साखळी कुठे होती?" तिने विचारलं.

"माझ्या खोलीत. कुलपात," मालक म्हणाला.

"आणि किल्ली?"

"माझ्या गळ्यात. माझ्याशिवाय तिला कुणाचा वाराही लागलेला नाही."

"मग शपथ घ्या तशी."

मालकाने चाळीस माणसांसमोर बायबलवर हात ठेवला आणि शपथ घेतली. योस्टने ती लिहून घेतली. मिंक खुंट्यांची मोळी घेऊन मागे उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरची माशीही हलली नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, मित्रांनो.

मोजणी दोन दिवस चालली. डिर्क पुढे, पुतण्या मागे. साखळी ताणायची, खुंटी ठोकायची, पुढे सरकायचं. मी प्रत्येक वेळी दोन हात गिळत होते आणि मनातल्या मनात मोजत होते. मालक आमच्याबरोबर नव्हताच. त्याने गिरणीवर मेजवानीची तयारी केली होती. तीनशे नव्वद झाल्या. फाटका ओक समोर दिसायला लागला. डिर्कचा चेहरा पांढरा पडत चालला.

"चारशे!" योस्ट ओरडला, आणि शेवटची खुंटी ओकच्या मुळापाशी रुतली.

पुढे टेकाडावर विटांचं घर दिसत होतं. त्यापुढे गिरणी. सगळं पलीकडे.

डिर्क किंचाळला, "साखळी तोकडी आहे!" मालकाला बोलवायला कुणीतरी पळालं. तो धापा टाकत आला. त्याने खुंटी बघितली, घर बघितलं. मग मिंकला दंडाला धरून चार पावलं बाजूला नेलं. मी मिंकच्या खांद्यावर होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"काय केलंस तू, हलकटा?"

"मालकांनी सांगितलं तेच. साखळीला हात लावला."

"लांब करायला सांगितली होती!"

"मग सांगा ना तसं मोजणीदारसाहेबांना," मिंक शांतपणे म्हणाला. "मी सांगितलं तर चालत नाही. तुमची साक्ष चालते."

तेवढ्यात योस्ट जवळ आला. "तुमचा मुलगा म्हणतो साखळी तोकडी आहे. ठीक आहे, पुन्हा पायरीवर ताणून बघू. पण मग रविवारी तिला हात कुणी लावला ते विचारावं लागेल. तुमची शपथ आहे माझ्याकडे. फेरफार निघाला तर नदीपर्यंतची सगळी जमीन जाईल."

होयबर्ट व्हान आस्पेरेनच्या तोंडाची हालचाल मी अजून विसरलेले नाही. ओठ हलत होते आणि शब्द येत नव्हता. चोराच्या आईला हंड्यात तोंड घालून रडावं लागतं. त्याला तर हंडाही मिळाला नाही, चाळीस माणसांत उभं राहावं लागलं.

"बाबा, बोला ना!" डिर्क ओरडला.

मालकाने पोटच्या पोराच्या कानाखाली वाजवली. "गप्प बस! साखळी बरोबर आहे." आणि त्याने कागदावर सही केली.

चाळीस दिवसांनी घर सोडायचा दिवस आला. घड्याळ दारातून उभं निघेना, म्हणून ते आडवं करून नेलं. त्याचा लंबक आत खडखडत होता. सगळ्यांच्या शेवटी मालक निघाला, हातात स्वतःची खुर्ची घेऊन. कुळं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी होती. कुणी टोपी काढली नाही. मिंक लोहारखान्याच्या दारात सांडशी घेऊन उभा होता. मालक त्याच्यासमोर थबकला.

"हसतोयस होय रे?"

"नाही मालक. पाय दुखतोय. डावा."

मित्रांनो, अशी वाक्यं ऐकायला लोखंडाचा जन्मही सार्थकी लागतो.

मालकाने मिंकला उभा चिरला असता. पण विधवेने आधीच मागणी घातली होती : इतकी वर्षं माझ्या धबधब्यावर दळलंत, त्याबद्दल लोहार द्या. मालकाला नाही म्हणता आलं नाही. मीही मिंकबरोबर नव्या मालकिणीकडे राहिले. मला वाटलं, आता सगळं ठीक होईल. काटरीनलाही तसं वाटलं असावं. ती दुसऱ्याच दिवशी आली आणि सरळ दारात उभी राहिली.

"बाई, माझी सफरचंदं?"

"तुझी कशी?" गेर्तरुइडबाई म्हणाली. "माझ्याकडे कागद आहे." आणि गवताची कोठी बांधायला तिने बागेतली निम्मी झाडं तोडवली. कुऱ्हाडींना धार मिंककडूनच लावून घेतली.

काटरीन लोहारखान्याबाहेर बसली होती. मिंक तिच्याशेजारी जाऊन बसला. आठ वर्षांत पहिल्यांदा.

"सापाचं तोंड फिरवलंस," ती म्हणाली. "बरं केलंस. पण साप गेला कुठे? नुसतं बीळ बदललं."

"मला त्याला बाहेर काढायचं होतं, आजी."

"निघाला की. आता?"

मालक दारातून निघाला त्या दिवशी मला वाटलं होतं की राग संपेल. तो दोन दिवस झोपला आणि पुन्हा उठला. सान्ना होती तिथेच होती, बेटांवर कुठेतरी.

शरद ऋतूत गेर्तरुइडबाईचा उत्तरेच्या जमीनदाराशी तंटा निघाला. पुन्हा मोजणी ठरली. एका शनिवारी ती लोहारखान्यात आली आणि तिने खालचं अर्धं दार लावून घेतलं. मला काय ते कळून चुकलं.

"काय रे, त्या रविवारी तुझा कुठला पाय मुरगळला होता?"

मिंकने मान वर केली. बाई हसत होती. तिला सगळं ठाऊक होतं.

"डावा, बाईसाहेब."

"या रविवारी उजवा मुरगळू दे. साखळी वाढव. तुझ्यासारखा हुशार हात जवळ हवा, म्हणून तर तुला मागून घेतलं."

मिंकने सांडशी खाली ठेवली. "एक मागणं आहे. गलबताच्या कप्तानाला एक चिठ्ठी लिहा. सान्नाला कुठे उतरवलं, एवढंच विचारा."

"लिहीन की. आधी मोजणी तर होऊ दे."

असला शब्द मिंकने एकदा बायबलसकट ऐकला होता. हिने तर बायबलही मागवलं नाही. रविवारी बाई चर्चमधून परत आली तेव्हा त्याने मला तिच्या हातात दिलं. "झालं, बाईसाहेब," म्हणाला. त्याने माझ्या एका वळ्यालाही हात लावला नव्हता. मी दोन हात आखूड होते, ती तशीच.

सोमवारी सगळा गाव मोजणीला गेला. मी कुरणात पसरले होते, तेव्हा पूर्वेच्या डोंगरवाटेने माणसांची एक रांग चढताना मला दिसली. काटरीन आणि तिची माणसं लांडगेओढा सोडून चालली होती. डोंगरापलीकडे त्यांचे लोक नवं गाव वसवत होते. रांगेत शेवटी रुंद खांद्यांचा एक माणूस होता. त्याच्या पाठीवर भट्टीचा भाता बांधलेला होता. तो लंगडत नव्हता.

इकडे गेर्तरुइडबाईने शपथ घेतली, साखळी ताणली आणि आपलं सगळ्यात सुपीक कुरण गमावलं. तिचेही ओठ हलले आणि शब्द आला नाही. मी खुशाल गवतात पडून राहिले. ऊन छान होतं.

चार वर्षांनी काटरीनची नात टोपल्या विकायला आली होती. तिने स्वयंपाकघराच्या दारात सांगितलं की त्यांच्या गावात एक लोहार आहे, कुदळी फार सुंदर करतो. दर वसंतात तो लपतछपत नदीच्या मुखापर्यंत जातो आणि बेटांवरून आलेल्या खलाशांना एका स्वयंपाकिणीबद्दल विचारतो. सापडला तर विकला जाईल, तरी जातो. त्याला कधी उत्तर मिळालं का, ते मला समजलं नाही. टोपल्या विकून ती निघून गेली, आणि पुन्हा आली नाही.

मित्रांनो, आता मी एका संग्रहालयात काचेच्या पेटीत आहे. मला दर महिन्याला तेल लावतात. लोखंडाची काळजी घ्यायला तेवढं पुरतं, तेव्हा माझ्यासाठी मला काही मागायचं नाही. तुम्ही मात्र दिलेला शब्द जपा. ज्याला शब्द दिला तो गरीब आहे, त्याची साक्ष कुठे चालत नाही, म्हणून निर्धास्त होऊ नका. त्याचे हात तुमच्या घरात रोज काम करत असतात. तो तुमचं घड्याळ नीट करतो, तुमच्या कुऱ्हाडीला धार लावतो आणि तुमची साखळीही तोच घडवतो.